सस्पेन्शनचा आवाज परत परत का येतो: लक्षणं, तपासण्या आणि दुरुस्तीचा क्रम

पावसाळा सरला की नाशिकच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "पुढून खडखड येतेय, शॉकअप बदलले तरी गेली नाही." अशा बऱ्याच गाड्यांचे जुने शॉकअप मुळात चांगलेच असतात. महागडा भाग आधी बदलला जातो आणि खरा दोष, म्हणजे काही शे रुपयांचा लिंक रॉड (चाकाकडचा भाग आणि गाडीला वळणावर झुकू न देणारा बार यांना जोडणारी छोटी दांडी) किंवा फाटलेला रबरी बुश (दोन धातूच्या भागांमधलं रबर), जागच्या जागी राहतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि घरी करू नये अशा कामापाशी थांबतो. मधली पायरी गाळू नका. सोपी गोष्ट तपासायची राहिली की पुढचे सगळे अंदाज चुकतात.

हे सगळं पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांना लागू आहे. वॅगनआर, स्विफ्ट, आय-ट्वेंटी, टियागो या त्यातल्याच. बोलेरोला मागे पाटे असतात. तिथे शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश आणि पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट वेगळे बघावे लागतात.

लक्षणं: आवाज कोणत्या हालचालीत येतो?

"खट्", "टक्", "धप्प" या शब्दांवर फार वेळ घालवू नका. गाडीच्या आतून ऐकू येणारा आवाज पत्र्यातून फिरून येतो, त्यामुळे डावीकडचा उजवीकडून आल्यासारखा वाटतो. आवाज येतो त्या क्षणी गाडी काय करत होती, हे टिपा.

- हळू वेगात, छोट्या तुटक खड्ड्यांवर, एका बाजूचं चाक उचललं की खटखट. पण पूर्ण रुंदीच्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की शांत: संशय लिंक रॉडवर.
- स्पीडब्रेकरवर हळू चढताना-उतरताना करकर, सकाळी थंडीत जास्त, पाऊस पडला की गायब: कोरडे पडलेले रबरी बुश.
- ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना एकच "धप्प", ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते: लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) बुश.
- गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की स्प्रिंग सुटल्यासारखा "टंग": स्ट्रटचं वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग.
- खड्ड्यात टक्, आणि तो धक्का स्टीअरिंगवर हाताला जाणवतो: टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅक, म्हणजे स्टीअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारे भाग.
- स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की कट-कट-कट: बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा चाकाजवळचा सांधा). हा एक्सलचा दोष आहे, सस्पेन्शनचा नाही.
- वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ, खड्ड्यांशी संबंध नाही: चाकाचं बेअरिंग किंवा वेडावाकडा झिजलेला टायर.
- क्लच सोडताना, रिव्हर्स टाकताना धक्का: इंजिन माउंटिंग.

पहिल्या लक्षणामागचं कारण समजून घेतलं तर निम्मं निदान तिथेच होतं. स्टॅबिलायझर बार, ज्याला बरेच मेकॅनिक बॅलन्स रॉड म्हणतात, डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर बार पिळला जात नाही, लिंक रॉडवर ताण येत नाही आणि ढिला जॉइंटही गप्प बसतो. एकच चाक उचललं की बार पिळतो आणि झिजलेला बॉल आपल्या वाटीत आपटतो. म्हणूनच "मोठ्या स्पीडब्रेकरवर आवाज नाही, पण पेव्हर ब्लॉकवर खडखड" असं ऐकलं की आधी लिंक रॉड तपासावा.

चाचणीसाठी तीन प्रकारची जागा लागते: तुटक, ओबडधोबड पट्टा, पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर, आणि स्टीअरिंग पूर्ण फिरवता येईल असं मोकळं मैदान. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले आतले रस्ते सुटीच्या दिवशी या कामाला बरे पडतात. काचा खाली, पंखा आणि गाणी बंद, वेग ताशी १५ ते २५ किलोमीटर. शेजारी आणि मागे एकेक माणूस बसवा. कसारा घाटात उतरताना आवाज जास्त येत असेल तर ती माहिती मोलाची आहे, कारण तिथे वजन पुढे येतं आणि ब्रेक सतत लागतो. पण चाचणी घाटात घेऊ नका.

फुकटच्या तपासण्या

डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, टॉमी (लोखंडी पहार), पाण्याचे कॅन, पार्सल ट्रे, सगळं बाहेर. स्टेपनीचा मधला स्क्रू हातानं घट्ट करा. मागच्या सीटची पाठ नीट अडकली आहे का, ते ओढून बघा. ते लॅच ढिलं असलं तर आवाज हुबेहूब मागच्या शॉकअपसारखा येतो. मग बोनेट उघडा आणि बॅटरी हातानं हलवा. बॅटरीचा क्लॅम्प ढिला असेल तर पुढच्या प्रत्येक खड्ड्यात "ठक्" येतो. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, तरी ती बहुतेक ठिकाणी वगळली जाते.

टायरची हवा थंड टायरवर मोजा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच भरा. पंपावर "लांब जायचंय" म्हणून चार-पाच पीएसआय जास्त भरून घेण्याची सवय आहे. त्यानं टायर कडक होतो आणि छोटा खड्डाही थेट स्ट्रटवर आपटतो.

चाकांचे नट तपासा. पंक्चर, अलायनमेंट किंवा ब्रेकच्या कामानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर हेच पहिलं करा. बहुतेक छोट्या गाड्यांत या नटांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. ढिला नट सापडला तर घट्ट करून मोकळं होऊ नका. चाक काढून नटाची भोकं लांबट झाली आहेत का बघा. झाली असतील तर ती रिम वापरू नये.

दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत गाडी जात असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. काळी माती रिमच्या आत थापली जाते आणि वाळून दगड होते. चाक असंतुलित होऊन ताशी ६०-८० च्या वेगात स्टीअरिंग थरथरतं, आणि लोक शॉकअपवर संशय घेतात. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत खडी अडकली तर कानठळ्या बसवणारी किरकिर येते. माती धुताना प्रेशरचं पाणी जॉइंटच्या रबरी बूटांवर (ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या टोप्यांवर) जवळून मारू नका. बूटाच्या ओठातून पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि काही महिन्यांत तोच जॉइंट वाजू लागतो.

आता ब्रेकची चाचणी. खडखड येणाऱ्या पट्ट्यावर हळू जाताना डाव्या पायानं नाही, नेहमीच्याच उजव्या पायानं ब्रेक अगदी हलका दाबा. खडखड त्याच क्षणी थांबली तर सस्पेन्शन सोडून द्या. ब्रेक पॅड त्यांच्या जागेत हलत आहेत, किंवा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना कोरड्या पडल्या आहेत. पॅडच्या क्लिपा नव्या लावायच्या आणि पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं चाकाचं ग्रीस तिथे चालत नाही. ते पिनांचं रबर फुगवतं.

सायलेन्सर थंड असताना हाताच्या बाजूनं ठोकून बघा. हीट शील्डचा पत्रा वाजला किंवा हँगरचं रबर तुटलेलं दिसलं तर काम तिथेच संपलं.

गाडी जमिनीवर असताना

गाडी सपाट फरशीवर लावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना टेपनं मोजा. पुढच्या दोन चाकांत किंवा मागच्या दोन चाकांत दीड सेंटिमीटरच्या आसपास फरक असेल तर स्प्रिंग बघा. स्प्रिंगचं खालचं टोक बशीत बसलेलं असतं, तिथे चिखल आणि पाणी साचतं, गंज धरतो आणि शेवटचा वेढा तुटतो. तुटलेला तुकडा बशीतच राहतो म्हणून वरवर बघून कळत नाही. टॉर्चच्या उजेडात स्प्रिंगचं टोक शोधा. तुटकी धार टायरच्या इतकी जवळ असते की गाडी चालवणं थांबवलंच पाहिजे.

माउंटिंगसाठी इंजिन चालू ठेवून मदतनिसाला स्टीअरिंग हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. तुम्ही बोनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या रबरावर तळहात ठेवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं. जॅम झालेलं असेल तर स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग झटक्यात सुटते. तो झटका तळहाताला स्पष्ट लागतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत बोटं घालू नका. काही गाड्यांत हा भाग वायपरखालच्या प्लास्टिकच्या आड असतो, ते आधी काढावं लागतं. माउंटिंगच्या मधोमध असलेला मोठा नट काहीही झालं तरी सोडू नका. दाबलेली स्प्रिंग त्याच नटानं धरून ठेवलेली असते.

करकर शोधायला पाण्याची बाटली पुरते. मदतनिसाला बोनेटजवळचा कोपरा दाबून गाडी वरखाली करायला लावा आणि एका वेळी एकाच बुशवर पाणी शिंपडा: आधी स्टॅबिलायझर बारचे डी-बुश (बार गाडीला धरून ठेवणारे रबर), मग लोअर आर्मचे. ज्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तो तुमचा बुश. डिसेंबर-जानेवारीत निफाड भागात पहाटे पारा फार खाली जातो, रबर कडक होतं. फक्त पहाटे येणारी आणि दोन-तीन किलोमीटरनंतर जाणारी करकर असेल तर बुश लगेच बदलायची घाई नको. सिलिकॉन स्प्रे मारून हंगाम काढता येतो. पण इंजिन ऑइल, डिझेल किंवा साधं ग्रीस रबराला लावू नका. वॉशिंग सेंटरवर "गंज लागू नये" म्हणून गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारून देतात, त्याला स्पष्ट नाही म्हणा. आवाज आठवडाभर थांबतो आणि त्यानंतर रबर फुगून मऊ पडतं.

लिंक रॉड: सर्वांत जास्त वेळा हाच

इथे तपासणीची पद्धत चुकली तर चांगला मेकॅनिकही फसतो. एकच चाक जॅकवर उचललं की बार पिळलेला राहतो, लिंक रॉड ताणात येतो आणि झीज लपते. त्यामुळे तपासणी दोन्ही चाकं जमिनीवर असताना करा, किंवा दोन्ही चाकं सारखी लटकलेली असताना. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की चाकामागे हात जातो. रॉड मुठीत धरून जोरात पुढे-मागे आणि वर-खाली हलवा. हलकासा टक् जरी हाताला लागला तरी तो गेला. बूट फाटून ग्रीस बाहेर आलेलं असेल तर आज आवाज नसला तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत येणार.

खात्री होत नसेल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून ठेवा आणि बारची टोकं कुठे आपटणार नाहीत, ब्रेकच्या होजला लागणार नाहीत अशी बांधा. मग कॉलनीतल्या कॉलनीत ताशी २०-२५ च्या आत एक फेरी मारा. आवाज गेला तर निकाल लागला. एकच बाजू काढून चाचणी करू नका. आणि रॉड नसताना वळणावर गाडी जास्त झुकते, म्हणून अशी गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊ नका.

बदलताना अडचण एकच येते: नट फिरवला की आतला स्टडही फिरतो. स्टडच्या टोकाला ॲलन कीची खाच किंवा मागे पान्याला चपटी जागा असते. तिथे धरून नट सोडायचा. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि वायर ब्रशनं आटे साफ करा. खाच गोल झाली तर ग्राइंडरनं कापावा लागतो, आणि शेजारीच ब्रेकचा होज व एबीएसची वायर असते. तिथे अनुभवी हात नसेल तर थांबा.

नवा लिंक रॉड विकत घेताना दुकानातच बॉल बोटांनी फिरवून बघा. चांगला नवा जॉइंट कडक असतो, बोटांनी सहज गरगर फिरत नाही. सैल वाटला तर तो स्वस्तातला नकली माल समजा. दोन्ही बाजू एकदम बदला, नट नवे वापरा.

जॅकवर घेतल्यावर

सपाट, कडक जमीन. हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना विटा लावा. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरताच आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. उचललेल्या गाडीखाली लावायचे जॅक स्टँड नसतील तर ही पायरी गॅरेजमध्येच करा.

चाक घड्याळाच्या ३ आणि ९ वर धरून हलवा. टक् आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. कोणता, हे मदतनीस चाक हलवत असताना जॉइंटवर बोट ठेवून कळतं. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे खेळ आला तर मदतनिसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा: ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांमधला गोळ्याचा सांधा).

बॉल जॉइंटची पक्की खात्री करायला टायरखाली लांब टॉमी घालून चाक वर उचला आणि नजर जॉइंटवर ठेवा. उभा खेळ डोळ्यांना दिसला की गाडी तिथेच उभी करा. हा जॉइंट सुटला तर चाक बाहेरच्या बाजूला कोलमडतं. "पुढच्या रविवारी बघू" असं या एका भागाबद्दल म्हणायचं नाही.

लोअर आर्मच्या बुशला टॉमीनं हलका रेटा द्या. रबर आहे, थोडं हलणारच. बघायचं ते रबर आणि धातू यांमधली फट, चिरा, आणि मधली नळी एका बाजूला सरकली आहे का. काही गाड्यांच्या मागच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे ओघळ दिसला तर बुश संपला. टायरची आतली कड जास्त झिजलेली असणं हाही त्याचाच पुरावा.

शॉकअप सर्वांत शेवटी. त्याच्या अंगावर तेलाची पुसट ओल आणि त्यावर धूळ चालते. खालपर्यंत ओले ओघळ चालत नाहीत. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहिली तर तो नक्की गेला, पण डोलली नाही म्हणून तो चांगलाच आहे असं नाही. टायरवर हात फिरवताना ठरावीक अंतरावर खोलगट चकत्या लागल्या तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरत नाही. वरचं बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) भुगा झालं असेल तर मोठ्या खड्ड्यात "धाड्" येतो आणि नवे शॉकअपही लवकर मरतात. मागे शॉकअपच्या खालच्या बोल्टचा बुश आणि टॉर्शन बीमचे दोन मोठे बुश बघा. बीमचे बुश गेले तर वळणावर मागचा भाग तिरका सरकल्यासारखा वाटतो.

बदलूनही आवाज परत येतो, त्याचं कारण

भाग चांगला असूनही काही महिन्यांत आवाज परतला तर दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो. लोअर आर्मचा बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेला असतो. तो फिरत नाही, पिळला जातो. चाक हवेत लटकत असताना बोल्ट पूर्ण घट्ट केला तर ती लटकलेली स्थिती बुशची "मूळ" स्थिती बनते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि वर प्रत्येक खड्डा त्याला आणखी पिळतो. रबर फाटायला मग वेळ लागत नाही. म्हणून बोल्ट आधी हातघट्ट ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, किंवा लोअर आर्मच्या बॉल जॉइंटच्या बाजूला जॅक लावून ते वजन तिथे घ्यायचं, आणि मगच टॉर्क पान्यानं शेवटचा आवळ द्यायचा. टॉर्शन बीमच्या बुशलाही हाच नियम. काम देताना मेकॅनिकला हे आधीच सांगा आणि शक्य असेल तर त्या वेळी समोर उभे राहा.

दुसरं कारण एकच बाजू बदलणं. तिसरं, हातोड्यानं ठोकून बसवलेला बुश. त्याचं बाहेरचं कडं वाकडं होतं. बुश हायड्रॉलिक प्रेसवरच बसवायचा. गॅरेजमध्ये प्रेस नसेल तर लोअर आर्म काढून अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दाबून आणता येतो. अनेक गाड्यांत बुश आणि बॉल जॉइंटसह पूर्ण आर्म मिळतो. जॉइंटही जुना असेल तर मजुरी धरून तोच परवडतो.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

स्ट्रट उघडायचा असेल, म्हणजे स्प्रिंग, माउंटिंग किंवा बेअरिंग बदलायचं असेल, तर घरी नाही. स्प्रिंग दाबायचं योग्य साधन नसताना ती सुटली तर जीव जाऊ शकतो. दोरीनं किंवा तारेनं स्प्रिंग बांधून काम करणाऱ्याकडेही देऊ नका. स्टीअरिंग रॅकमधून आवाज येत असेल तर रॅकचा नट आवळून देणारे भेटतात. जास्त आवळला तर स्टीअरिंग वळणानंतर सरळ परत येत नाही. इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाडीत हे काम सर्व्हिस सेंटरकडेच द्या.

बॉल जॉइंटला दिसणारा खेळ, तुटलेली स्प्रिंग, लांबट झालेली नटाची भोकं, किंवा आवाजाबरोबर स्टीअरिंग अचानक ढिलं पडणं, यांपैकी काहीही असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

काम झाल्यावर

लिंक रॉड किंवा डी-बुश बदलले तर अलायनमेंटची गरज नाही. लोअर आर्म, टाय रॉड, रॅक एंड किंवा स्ट्रट सोडला असेल तर गरज आहे, आणि ते नवीन भाग बसवल्यावरच करायचं; ढिल्या जॉइंटवर केलेलं अलायनमेंट पैसे वाया घालवतं. घट्ट केलेल्या प्रत्येक नट-बोल्टवर, नटापासून शेजारच्या धातूपर्यंत, पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर गाडीखाली टॉर्च मारून बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे. टॉर्क पान्यानं पुन्हा बसवा आणि नायलॉनचा नट असेल तर नवा लावा.